वहीतलं 'परत'

ताईचा कशावर विश्वास बसणं म्हणजे महाकर्मकठीण. दुकानदाराने नवं रीळ दिलं तर ते उजेडात धरून दोरा ओढून बघायची, आणि दोरा तुटला नाही तर म्हणायची, "वरचाच तेवढा चांगला घातला असेल मेल्याने." जुने कपडे उसवून नव्या मापात बसवायचे हा तिचा धंदा. म्हणजे जन्म गेला तो दुसऱ्याच्या शिवणीतली खोट हुडकण्यात. कोट वरून कितीही झकास दिसू दे, ही आधी अस्तर उलटं करणार. आणि खरं सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा अस्तराखाली काहीतरी निघायचंच, म्हणून तर ही खोड वाढत गेली.

तिला एकच भाऊ, धाकटा. आईवडील गेल्यापासून हिनेच सांभाळलेला. पार्सलच्या गोदामात कामाला होता, शांत, नाकासमोर चालणारा. तिशीत आला आणि त्याच्या डोक्यात काहीतरी बिनसलं. गोदामासमोर आरशांचं दुकान होतं. ते आरसे आपलं बोलणं ऐकतात, असं त्याला वाटायला लागलं. आधी तो त्या फुटपाथवरून जायचा बंद झाला, मग घरातला आरसा त्याने गोधडीत गुंडाळून ठेवला. ताईला वाटलं, होईल बरं. आणि एका भर दुपारी तो दुकानात शिरला, स्टूल उचललं आणि तीन मोठे आरसे फोडले. पोलीस आले तेव्हा स्वारी दुकानातल्याच कपाटात दडून बसलेली.

अकरा दिवस कोठडीत होता. अकरा दिवसांत तो धड जेवला नाही, झोपला नाही, आणि ताई भेटायला गेली तेव्हा तिच्याकडे पाठ करून भिंतीशी बोलत होता. तुरुंगात गेला तर हा जिवंत बाहेर येणार नाही, हे तिला त्या दिवशी लख्ख कळलं.

म्हणून न्यायाधीशबाई जेव्हा म्हणाल्या, "आजारी माणसाला कोंडून कोणाचं भलं होणार? सहा महिने उपचार केंद्रात पाठवू," तेव्हा खरं तर तिने हात जोडायला हवे होते. तिने वकिलाच्या कानाशी लागून विचारलं, "पैसे किती घेणार?"

"काही नाही. सरकारी अनुदानावर चालतं ते."

"फुकट?" ताई म्हणाली, आणि तिच्या मनात जी पाल चुकचुकली ती पुढे चार महिने गप्प बसली नाही.

केंद्र म्हणजे पूर्वी जिथे टायपिंग शिकवायचे ती दुमजली इमारत. भिंतींवर अजून टेबलांच्या कडांचे ओरखडे होते. खाली ऑफिस आणि स्वयंपाकघर, वर एका लांब खोलीत अठरा खाटा, मागे फरशी घातलेलं अंगण, आणि अंगणाला एक बाजूचं फाटक, धुण्याची गाडी आत घ्यायला. ऑफिसात वहीवाल्या बाई बसायच्या. जाड भिंगांचा चष्मा, शाईचं पेन, आणि खाडाखोडीची अशी चीड की चुकून शिंक आली तरी पेन आधी बाजूला करतील. कोण आला, कोण गेला, सकाळ-संध्याकाळची हजेरी, सगळं त्या एका लांबलचक वहीत.

त्यांनी ताईपुढे कागद सरकवला आणि सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारली. ताईने तो उचलला आणि वाचायला बसली. बारा कलमं, चाळीस मिनिटं. सातवं कलम तिने दोनदा वाचलं: दाखल माणूस आपल्या मनाने बाहेर गेला आणि हजेरीला नसला, तर पाव तासात पोलिसांना फोन आणि थेट तुरुंगात रवानगी. नववं तीनदा: नातेवाइकाने त्याला बाहेर नेलं, तर त्या नातेवाइकाच्या भेटी बंद, आणि त्या माणसाला मुदत पुरी काढावी लागेल, लवकर सुटका नाही.

"इतक्या दिवसांत हा कागद वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच," वहीवाल्या बाई म्हणाल्या. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, ते ताईला काही कळेना.

"तुम्हाला यातून काय मिळतं?"

"पगार. तोही उशिरा."

"आणि केंद्राला?"

"अनुदान. माणसामागे. अठरा खाटा, अठरा माणसं."

झालं! माणसामागे. ताईने सही केली, पण हा शब्द गाठीला बांधून घरी आणला.

शिवणाच्या दुकानात तिच्या शेजारच्या मशीनवर काजवाली बसायची. दिवसभर बटणांची काजं करायची आणि तोंडाने लोकांच्या भानगडी विणायची. तिने ऐकलं आणि सुई थांबवून म्हणाली, "डोक्यामागे ना? मग कुठेतरी पाणी मुरतंय बघ. माझ्या दिराकडे कोंबड्यांच्या योजनेचे लोक मोजायला यायचे, तेव्हा हा शेजारच्या कोंबड्या आणून अंगणात सोडायचा. आणि गेले की हाकलून द्यायचा."

"माझा भाऊ कोंबडी नाही."

"त्यांच्या वहीत काय आहे ते बघ म्हणजे कळेल," काजवाली म्हणाली आणि पुन्हा मशीन चालू केलं.

दर गुरुवारी चार ते साडेपाच भेटायची वेळ. पहिल्या महिन्यात धाकटा नुसता बसून राहायचा. दुसऱ्या महिन्यात तिच्याकडे बघायला लागला. तिसऱ्या महिन्यात त्याने विचारलं, "ताई, तुझी पाठ कशी आहे?" दुसरी कोणी असती तर आनंदाने रडली असती. ताईने त्याच्या डोळ्यांत वाकून बघितलं. इतका शांत? गुंगीच्या गोळ्या देत असणार. गालावर मांस चढलंय? फुगवलाय, दाखवायला. बरं, तो स्वतःच सांगायचा की इथे त्याला 'आरसेवाला' म्हणतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही, उलट हसूच येतं. हेही तिला खटकायचं.

"डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोन प्रश्न शिकवलेत," एकदा तो बटाटे सोलता सोलता म्हणाला. "डोक्यात काही भलतंसलतं आलं ना, की आधी स्वतःला विचारायचं. पाहिलं का? आणि विचारलं का? आरसे ऐकतात हे मी पाहिलं का? नाही. कोणाला विचारलं का? नाही. मग थांबायचं."

"पोपटासारखं पढवलंय तुला."

"पोपट तर पोपट. झोप तर लागते!" तो हसला.

मग आला तो वहीचा गुरुवार. ऑफिसात फोन वाजला, तो घ्यायला वहीवाल्या बाई आतल्या खोलीत गेल्या, आणि वही टेबलावर उघडी. ताई टेबलाच्या अलीकडून उलटी अक्षरं वाचायला लागली. मापाच्या वहीत उलटी अक्षरं वाचायची तिला सवयच होती. एका ओळीत एक माणूस. 'कुठून आला' या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: कोठडी. आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात, पान भरून, एकाखाली एक: परत. परत. परत. तिने बोटाने मोजले, अकरा होते.

कोठडीतून आले आणि परत!

अंगणात येऊन तिने साळसूदपणे धाकट्याला विचारलं, "तो चावीवाला दिसत नाही रे हल्ली? तुझ्या शेजारच्या खाटेवरचा, किल्ल्या बनवणारा?"

"तो गेला ना परत. महिना होत आला."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"टाळ्या वाजवल्या," धाकटा म्हणाला.

टाळ्या! आता सगळं तिच्यापुरतं जुळलं होतं. जुनं डोकं तुरुंगात ढकलायचं, खाट रिकामी करायची, नवं डोकं आणायचं आणि नवं अनुदान उकळायचं. शब्द एवढा उघडा लिहिलाय म्हणजे यांना कोणाची भीतीच नाही. आता तुम्ही म्हणाल, बाई, एकदा तोंड उघडून विचारायचंस तरी! पण चोराला 'तू चोर का' म्हणून विचारायचं नसतं, हा ताईचा कायदा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. ही तर पाणीसुद्धा फुंकत होती.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातली एक मापाची चिठ्ठी घेतली, ती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अनुदान देणाऱ्या कचेरीला पत्र लिहिलं. 'या केंद्रात बरे करण्याच्या नावाखाली माणसे गोळा करतात आणि परत तुरुंगात पाठवतात. वही बघा. अकरा आहेत. न सांगता या.' खाली सही केली नाही. तीन आठवडे झाले, काही घडलं नाही. तेही सामील असणार, ती मनाशी म्हणाली.

चौथा महिना संपत आला होता. त्या गुरुवारी काम संपवून ती पोहोचली तेव्हा पाच वाजायला आले होते. ऑफिसचं दार लोटलेलं होतं आणि आत डॉक्टरीणबाई वहीवाल्या बाईंशी बोलत होत्या. थकलेला, घाईचा आवाज.

"कोर्टाकडून आणखी दोघं येतायत. एकच खाट रिकामी आहे, आणखी एक मोकळी करावीच लागेल. सोमवारी आरसेवाल्याला परत पाठवायला हरकत नाही."

"कागद करून ठेवते," वहीवाल्या बाई म्हणाल्या.

ताई तडक अंगणात आली, तर तिथे एक अनोळखी माणूस. काळी बॅग, हातात यादी, आणि माणसांकडे पेनाचं टोक रोखून मोजतोय, एक, दोन, तीन. धाकट्यावर पेन थांबलं, यादीवर खूण झाली. न्यायला आलेला! सोमवार म्हणे. सोमवार काय आणि आज काय, यांचा काय भरवसा?

तो माणूस ऑफिसात शिरला, मागोमाग स्वयंपाकीण चहा घेऊन धावली, देखरेखीचा माणूस खुर्ची घेऊन गेला. अंगणात देखरेखीला कोणी उरलं नाही. धुण्याची गाडी लागली होती, बाजूचं फाटक सताड उघडं.

"ऊठ," ताई म्हणाली. "माझ्याबरोबर चल."

धाकट्याने सोललेला बटाटा पातेल्यात टाकला, हात पुसले आणि निघाला.

बसस्थानक वीस मिनिटांवर. ताई पुढे, तो मागे. तिने रस्ताभर एकदाही वळून पाहिलं नाही. मावशीच्या गावाची बस उभी होती. दोन तिकिटं काढली, त्याला खिडकीशी बसवलं आणि आपण बाहेरच्या बाजूला बसली, म्हणजे कोणी ओढायला आलं तर आधी हिला ओढावं लागेल.

"मावशी बरी आहे ना?" धाकट्याने विचारलं.

"ठणठणीत आहे."

"मग आपण कशाला चाललोय? सहाला हजेरी असते, ताई."

"हजेरी गेली चुलीत! तुला सोमवारी परत पाठवणार आहेत, कळतंय का? माझ्या कानांनी ऐकलंय मी."

आणि धाकट्याचा चेहरा असा उजळला की ताईला वाटलं, आता मात्र हा पुरता गेला.

"सोमवारी? खरंच? डॉक्टरीणबाई म्हणाल्या?"

"हसतोस काय वेड्या! तुरुंगात पाठवतायत तुला!"

"तुरुंगात कशाला? परत म्हणजे घरी." तो तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, घरी परत. सगळे तसंच म्हणतात."

"सगळे म्हणतात! आणि वहीत कोठडीच्या पुढे काय लिहिलंय? अकरा जण!"

धाकट्याने अगदी हळू, जणू तीच आजारी आहे अशा मायेने विचारलं, "ताई, पाहिलंस का?"

"पाहिलं म्हणजे? या डोळ्यांनी पाहिलं."

"विचारलंस का?"

पुढे ड्रायव्हरने दार आपटून बंद केलं आणि इंजिन घरघरायला लागलं.

"मला नको विचारूस," धाकटा म्हणाला. "मी वेडा. पण चावीवाला त्या शेडच्या टोकाला बसतो ना, तिकीट खिडकीपाशी. त्याला विचार."

ताई बसमधून उतरली ती ड्रायव्हरच्या शिव्या खातच. शेडच्या टोकाला एक लाकडी पेटी, तारेत ओवलेल्या किल्ल्या, आणि त्यांच्यामागे बसून कानस घासणारा तो चावीवाला. तोच, ज्याच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. तुरुंगात असायला हवा होता, आणि इथे ऐटीत पाय पसरून बसला होता.

"तुम्हाला... तुम्हाला परत पाठवलं ना?" ताईने विचारलं.

"हो की. दोन महिने झाले परत येऊन. बायको अजून अर्धंच बोलते, पण जेवायला वाढते." त्याने वर पाहिलं, तिच्या मागे धाकटा उभा होता, आणि त्याच्या हातातली कानस तशीच राहिली. "हा इथे काय करतोय? पावणेसहा वाजून गेले! अहो, उभ्या काय राहिलात, पळा!"

कोणी लुबाडलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं. जिथे काही नव्हतं तिथे तिने स्वतःच भोक पाडलं होतं आणि भाऊ त्यातून खाली चालला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

ते पळाले. ताईची पाठ दुखत होती, चप्पल एकदा तुटली ती तिने हातात घेतली. वाटेत तीन वेळा तिने माणसांना वेळ विचारली, आणि तिन्ही वेळा सांगणाऱ्याचं घड्याळ पुढे असेल असं तिला वाटलं. जित्याची खोड, दुसरं काय.

ऑफिसात पाय ठेवला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. डॉक्टरीणबाईंचा हात फोनवर होता. वहीवाल्या बाईंपुढे वही उघडी, आणि धाकट्याच्या ओळीत 'गैरहजर', शाईत, अजून ओलं. काळ्या बॅगेचा माणूस समोर बसला होता. अनुदानाच्या कचेरीतून आलेला तपासनीस तो. न सांगता आलेला. त्याच्या मांडीवर ताईची चिठ्ठी होती.

डॉक्टरीणबाईंनी फोन खाली ठेवला. वहीवाल्या बाईंनी 'गैरहजर'च्या पुढे लिहिलं: परत, ६ वाजून ९ मिनिटे.

"आणखी एक परत!" तपासनीस म्हणाला. बारीक आवाजाचा माणूस, पण प्रत्येक शब्द टाचणीने टोचल्यासारखा. "माझ्याकडच्या पत्रात तक्रार या शब्दाचीच आहे. आणि मी बसलोय तेव्हाच माणूस पळतो काय, आणि नवव्या मिनिटाला हजर होतो काय. मला हे नाटक वाटतं."

"पहिलं पान काढा," वहीवाल्या बाई म्हणाल्या. "'बरा होऊन घरी परत.' मीच लिहिलंय. रकाना आहे बोटभर, म्हणून पुढच्या ओळींना वरीलप्रमाणेच्या दोन रेघा आणि 'परत'. पुढच्या पानावर रेघाही सोडल्या, तेवढा माझा आळस. तुरुंगात गेला तर मी 'रवानगी' लिहिते, लाल शाईत. दोन आहेत. लपवलेले नाहीत."

तपासनिसाने पानं उलटली, लाल ओळींवर बोट ठेवलं, पहिलं पान दोनदा वाचलं. मग चष्मा काढून तो धाकट्याकडे वळला. "ते असो. आज काय झालं? कोर्टाचा माणूस हजेरीला नव्हता, हे मला लिहावंच लागेल. तू आपल्या मनाने गेलास?"

धाकट्याने ताईकडे पाहिलंसुद्धा नाही. "हो. कंटाळा आला म्हणून गेलो. ताई मला शोधायला आली, तिनेच परत आणलं. तिचा काही संबंध नाही."

"म्हणजे कलम सात," तपासनीस म्हणाला.

वहीवाल्या बाईंचा हात लाल शाईच्या दौतीकडे गेला. त्या झाकण फिरवायला लागल्या.

"खोटं बोलतोय तो!" ताई ओरडली. "मी नेला त्याला. बाजूच्या फाटकातून. कलम नऊ लावा, मला लावा!"

"नातेवाईक असंच म्हणतात, बाई," तपासनीस म्हणाला. "माणूस वाचवायला कोणीही अंगावर घेतं. आणि तुम्ही त्याला का न्याल? बरा होतोय, आठ आठवडे नाही तर नऊ, सुटणार. कारण काय?"

कारण त्याच्या मांडीवर पडलं होतं. ताईने आयुष्यात कधी कोणाला स्वतःचं अस्तर दाखवलं नव्हतं. आता भरल्या ऑफिसात, ज्यांना चोर समजली त्यांच्याच पुढे ते उलटायचं होतं.

"ते पत्र माझं आहे," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. वहीवाल्या बाईंनी चष्मा काढला.

"सही नाही यावर," तपासनीस म्हणाला.

"उलटं करा. मागे माप आहे. खांदा सतरा, बाही चोवीस, आणि खाली लिहिलंय, 'शुक्रवारी हवा, काखेत सैल'. मी ते 'परत' वाचलं आणि मला वाटलं हे लोकांना तुरुंगात पाठवतात. आज ऐकलं, ह्याला सोमवारी परत पाठवणार. आणि तुम्ही अंगणात मोजत होता, ते मला वाटलं न्यायला आलात. म्हणून पळवला. तो बिचारा बटाटे सोलत होता, त्याला काही माहीत नव्हतं."

तपासनिसाने चिठ्ठी उलटली. बराच वेळ तो बघत राहिला, जणू मापातही काही लबाडी सापडेल. मग म्हणाला, "काखेत सैल. बरोबर आहे."

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. त्या चिडल्या असत्या तर ताईला बरं वाटलं असतं. "सोमवारी त्याला घरी सोडणार होते," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांची वाट न बघता. तुम्हाला आज जाताना सांगणार होते. कागद तयार आहे." त्यांनी तो फाइलमधून काढला, ताईला दाखवला आणि परत आत ठेवला. "आता नववं कलम. मुदत पुरी करावी लागेल. आणि तुमच्या भेटी बंद."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "मी वाचलंय ते." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हातात तुटकी चप्पल होती.

वहीवाल्या बाईंनी लाल शाईचं झाकण घट्ट लावलं.

"माझं पत्र मला परत द्या," ताई तपासनिसाला म्हणाली.

"तक्रार परत मिळत नाही. ती फायलीत राहते, आणि तिच्यावरून मी काय लिहितो ते वर वाचतात. अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरतं." त्याने चिठ्ठी आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. "खाली काही लिहायचं असेल तर लिहा. पण सहीनिशी."

अठरा खाटा होत्या वर. ताईने चिठ्ठी टेबलावर सपाट केली आणि आपल्याच ओळींखाली लिहिलं: 'परत म्हणजे घरी परत. एकाला मी स्वतः भेटले, बसस्थानकावर किल्ल्या करतो. मी आधी विचारलं नव्हतं.' आणि सही केली, पूर्ण नावाची, ठळक.

वहीवाल्या बाईंनी वाकून ती वाचली. "पुढच्या पानापासून मी पूर्ण लिहीन," त्या म्हणाल्या, कोणाला उद्देशून कोण जाणे, आणि ताईसाठी खुर्ची सरकवली. ताई बसली नाही. साडेपाचनंतर भेटायला आलेल्यांनी थांबायचं नसतं, हेही कागदात होतं.

धाकटा तिला सोडायला जिन्यापाशी आला. तिथून पुढे त्याला परवानगी नव्हती.

"तुला कलमं ठाऊक होती," ताई म्हणाली. "हजेरी चुकली की काय होतं, सगळं ठाऊक होतं. ते दोन प्रश्न तू बसमध्ये बसल्यावर काढलेस! फाटकातून निघतानाच का नाही विचारलंस मला, कुठे नेतेस म्हणून?"

धाकट्याला तो प्रश्नच नीट कळला नसावा.

"सगळ्यांना विचारतो गं," तो म्हणाला. "तुला काय विचारायचं?"

वरून कोणीतरी हाक मारली आणि तो दोन-दोन पायऱ्या चढत गेला. "मलाही विचारत जा रे," ताई म्हणाली, पण तोवर तो वर पोहोचला होता, आणि पुढचे नऊ गुरुवार तिला ते त्याला सांगता येणार नव्हतं.